जांभळ्या घरातल्या ताई

"तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

कोणी बोलण्यात फार वेळ घेतला की ताई मान डावीकडे कलती करून अगदी गोड आवाजात एवढंच विचारत. बोलणारा गडबडून थांबे. नवखा असला तर खरंच घड्याळ बघे.

तुम्ही दोघं ट्रंक कॉलचा काळ संपल्यावर जन्मलात, म्हणून आधी ते सांगते. पूर्वी दिल्लीहून पुण्याला फोन करायचा तर तो एक्स्चेंजमध्ये नोंदवावा लागे. मग वाट बघत बसायचं. लागला एकदाचा, की मुख्य गोष्टीला हात घालेपर्यंत मध्येच एका बाईचा आवाज येई, तीन मिनट हो गए, बढ़ाना है? तो आवाज कुठल्या तरी भिंतीतून येतो असंच आम्हाला वाटे. करोल बागेत राहायला गेल्यावर कळलं, की तो शेजारच्या घरात राहतो, क्रीम रंगाच्या सुती साड्या नेसतो आणि दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी करतो.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत कानाला हेडफोन, त्यामुळे त्यांची मान कायमची एका बाजूला झुकली होती. बारशी, मयतं, ठरलेली आणि मोडलेली लग्नं, सगळं त्यांच्या कानावरून गेलं. त्यातलं अक्षरही त्यांनी कधी बाहेर सांगितलं नाही. मी एकदा फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आपण ऐकायचं नसतं गं. लाइन चालू आहे ना, एवढंच बघायचं."

आता ताई नाहीत आणि ते घरही नाही. पण परवा तुम्ही फोनवर विचारलंत, की आई लहानपणच्या ज्या जांभळ्या घराबद्दल सांगते ते खरंच तसं होतं का. होतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं होती. एका बाजूला आपलं, दुसऱ्या बाजूला ग्रोव्हर साहेबांचं आणि मधे ताईंचं. गल्लीतलं ते सगळ्यांत जुनं, फाळणीच्याही आधीचं. दोन मजले, वर बरसाती, म्हणजे गच्चीवरची एकुलती खोली, कमानीच्या खिडक्या आणि दगडी जाळीचा कठडा. आर्किटेक्चरची मुलं फुटपट्ट्या घेऊन येत आणि समोरच्या ओट्यावर बसून त्याची चित्रं काढत. तरी ते घर जुनेपणासाठी प्रसिद्ध नव्हतं. प्रसिद्ध होतं ते रंगासाठी.

जांभळा म्हणजे काही फिकट, नाजूक डोळ्यांसमोर आणू नका. भरताच्या वांग्याला तेलाचा हात फिरवला की जो रंग दिसतो, तो. दर दिवाळीआधी चुन्यात तोच रंग कालवून पुताईवाला नवा हात देई. पावसात त्याचे ओघळ आपल्या पायरीवर उतरत आणि मी ते घासत बसे. सगळी गल्ली त्याला 'बैंगनी मकान' म्हणे. रिक्षावाल्याला घर नंबर सांगितला तर तो तोंडाकडे बघत राही; बैंगनी मकान म्हटलं की सरळ दारात आणून सोडी. ग्रोव्हर साहेबांचं घराखालीच लग्नाच्या लेहंग्यांचं दुकान होतं. त्यांच्या दुकानाच्या पिशव्यांवर नावाखाली पत्ताच मुळी असा छापलेला होता, 'बैंगनी मकान के साथवाली दुकान'.

ताईंकडे कोणी नवीन माणूस आला, की त्या स्वतःची ओळख करून देत, "मी वांग्यात राहते." आम्ही हसत असू. घरावरचं प्रेम असं थट्टेतून बोलतात काही माणसं, असं आम्हा सगळ्यांचं मत होतं.

घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. आई-वडील गेले, धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तो तिथलाच झाला. ताईंनी लग्न केलं नाही. एकट्या राहत, म्हणून रोज काळोख पडला की वरच्या खिडकीत दिवा लावत; तो दिसला की गल्लीला त्यांची काळजी नसे. तळमजल्यावरची पुढची मोठी खोली वर्षभर बंद असे आणि गणपतीत उघडे, कारण करोल बागेतल्या मराठी मंडळींचा गणपती त्या खोलीत बसे. ती प्रथा अण्णांनी पाडली होती. अण्णा समोरच्या घरात पहिल्या मजल्यावर राहत, एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या बोलण्यातली फाइल मात्र काही निवृत्त झाली नव्हती. कांदेपोहे आवडले तरी 'सर्वानुमते संमत' म्हणत. गणपतीचे दिवस आले की ताईंच्या घरात चपलांचे ढीग, आरत्या, ढोलकी, ग्रोव्हर वहिनींनी आणलेला शुद्ध तुपातला शिरा. आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात, मान कलती करून, कोणाला काय हवं ते बघत उभ्या.

मग काळ बदलला. घराघरात केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथं आली आणि थेट पुणं-मुंबई लागू लागल्यावर ट्रंकच्या बायांना काम उरलं नाही. ताई निवृत्त झाल्या. करोल बागेत पैसा नव्याने खेळू लागला होता. खाली शोरूम, वर गोदाम, अशी जुनी घरं एकामागून एक काचेची होत होती. सफारी सूट घातलेले प्रॉपर्टी डीलर गल्लीत हिंडू लागले. आणि यमुनेपलीकडे मयूर विहारमध्ये सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. तिथे फ्लॅट मिळालेले लोक आम्हाला बोलवत, लिफ्ट दाखवत आणि आम्ही घरी येऊन म्हणत असू, काय ते उजाड माळरान.

एक दिवस ताई मला म्हणाल्या, "तुला वेळ असला तर माझ्याबरोबर मयूर विहारला येशील का? कोणाला सांगू नकोस."

एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शेजारच्या बोर्डावर बसणारी मेरी तिथे राहत होती. तिच्या समोरचा फ्लॅट विकायला होता. मालक बंगलोरला निघाला होता, दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, एक लहानशी बाल्कनी, बस. मेरीने किल्ली दिली. ताईंनी आत जाऊन नळ सोडून बघितला, बंद केला. खिडकी उघडली, बंद केली. मग त्या रिकाम्या खोलीत चक्क जमिनीवर पाय पसरून बसल्या, भिंतीला टेकल्या आणि मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तसं हसल्या.

"किती छान आहे ना," त्या म्हणाल्या. "बाहेरून बघितलं तर कुठला आपला, कळतसुद्धा नाही."

येताना बसमध्ये त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. घर विकायचं, भावाचा हिस्सा भावाला द्यायचा, आपल्या हिश्श्यात हा फ्लॅट घ्यायचा. भावाला विचारून झालं होतं. तो म्हणाला होता, तुला हवं तसं कर. राहता राहिली गल्ली. "तेवढं शेजाऱ्यांच्या कानावर घालते," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांचा शेजार आहे. न सांगता कसं जायचं?"

मुलांनो, इथेच त्या अडकल्या.

त्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. गणपतीच्या खोलीत अण्णा, ग्रोव्हर साहेब, दोघांच्या बायका, तुमचे आजोबा आणि मी. ताईंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. 

मग सगळे एकदम बोलू लागले. घर विकायचं म्हणजे काय, हे काय नुसतं घर आहे का, ही तर गल्लीची शान. फाळणीत सगळं मागे टाकून आमचे वडील इथे आले तेव्हा पहिलं नजरेला पडलं ते हे घर, असं ग्रोव्हर साहेबांनी सांगितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ते अश्रू खोटे नव्हते. अण्णा म्हणाले, की या वास्तूत मराठी माणसाचा गणपती बसतो, तिचा निर्णय एकट्या व्यक्तीने घेणं योग्य आहे का यावर विचार व्हावा. ताई म्हणाल्या, अहो अण्णा, घर माझं आहे. अण्णा म्हणाले, अर्थातच, म्हणूनच तर आपण सगळे विचार करतो आहोत.

शेवटी ग्रोव्हर साहेबांनी हात जोडून विचारलं, "बहनजी, आपको यहाँ तकलीफ़ क्या है? आप बताइए तो सही. हम किसलिए हैं?"

हा प्रश्न इतका प्रेमाने विचारला होता, की त्याला उत्तर देणं भाग होतं. ताई म्हणाल्या, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रोव्हर साहेबांचा सुतार आला आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून गेला. त्या म्हणाल्या, वर पाणी चढत नाही. तुमच्या आजोबांनी स्वतः उभं राहून नवी मोटर बसवून घेतली. त्या म्हणाल्या, एवढ्या घरात एकटं वाटतं. झालं, अण्णांच्या बायकोने रोज संध्याकाळी विणकाम घेऊन तिथे बसायला सुरुवात केली. त्या काही तीन मिनिटांनी थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. ताईंनी सांगितलेल्या प्रत्येक कारणाचा कोणी ना कोणी बंदोबस्त केला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याजवळ कारणच उरलं नाही.

पुढच्या चहाला अण्णांनी विचारलं, की आता काही अडचण शिल्लक आहे का.

"अडचण नाही," ताई म्हणाल्या. "मला जायचंय."

"पण हे काही कारण झालं नाही, ताई," अण्णा समजुतीने म्हणाले.

मी घरी आल्यावर आजोबांना सांगितलं, की त्यांना मनापासून जायचं आहे, मी स्वतः बघून आले आहे. आजोबा म्हणाले, "तुला नाही कळायचं. एकटी बाई आहे. पुण्याहून भाऊ नेट लावत असणार." माझं इंग्रजी एम. ए. त्यांना आयुष्यभर कौतुकाचं वाटे, पण माणसांच्या बाबतीत मला काही कळतं यावर त्यांचा विश्वास बसत नसे. मी तो फ्लॅट, ते पाय पसरून बसणं, ते हसणं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, अगं, अशा वेळी माणूस उसनं हसतो.

तरी ताई हटल्या नाहीत. गणपतीनंतर त्यांनी एका डीलरला गाठलं. त्याने एक डॉक्टर आणला. डॉक्टरांना तिथे लहानसं नर्सिंग होम काढायचं होतं, घर पाडायचं नव्हतं. त्यांना घर पसंत पडलं, फक्त या रंगाच्या इमारतीत पेशंट पाय ठेवणार नाही म्हणाले. डीलर म्हणाला, रंगाचं काय घेऊन बसलात, आठवड्यात बदलतो. आणि ताईंनी नेहमीच्या पुताईवाल्याला निरोप धाडला, की या वेळी क्रीम.

रंग पूर्ण झाला त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर आल्या. समोरच्या ओट्याजवळ हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि घराकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना आपल्या घराकडे बाहेरून बघताना मी पाहिलंच नव्हतं. त्या नेहमी खाली मान घालून दार उघडत आणि आत जात. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "खिडक्या किती सुंदर आहेत, बघ. आजवर दिसल्याच नव्हत्या."

गल्लीचं मात्र धाबं दणाणलं. रिक्षा पुढे निघून जाऊ लागल्या. ग्रोव्हर साहेबांची गिऱ्हाइकं, नवऱ्या मुलीसकट, दुसऱ्याच गल्लीत दुसऱ्याच्या दुकानात शिरू लागली. अण्णा सकाळी खिडकी उघडून बघत आणि छातीत कसं तरी होतं म्हणून पुन्हा बंद करत. 'विधवेसारखं दिसतंय हो घर', असं अण्णांच्या बायको चारचौघांत म्हणाल्या. मला ते ऐकवलं नाही. आता भावाचा हात असल्याची सगळ्यांची खात्रीच पटली. स्वखुशीने कोणी वडिलांचा रंग पुसतं का?

त्याच सुमारास मी पुण्याला गेले. तुमच्या आईचं बाळंतपण होतं. थोरला जो आहे तुमच्यातला, तो होणार होता. ताईंनी बाळंतविडा बांधून दिला आणि म्हणाल्या, की तू येशील तेव्हा कदाचित मी तिकडेच भेटेन.

तुझं बारसं आटोपून मी दिल्लीला परतले. ताई दोन-चार दिवसांसाठी मेरीकडे गेल्या होत्या, फ्लॅटच्या कामांसाठी. आपल्या दारात रिक्षा थांबली आणि मी वर बघितलं. बांबूची परांची, तिच्यावर पुताईवाले, आणि कठड्यापासून खालपर्यंत ओला, ताजा, पहिल्यापेक्षाही गडद जांभळा रंग. खाली खुर्ची टाकून ग्रोव्हर साहेब, अण्णा आणि तुमचे आजोबा. आजोबांच्या चष्म्यावर जांभळे ठिपके होते आणि त्यांचा चेहरा शाळकरी मुलासारखा फुलला होता.

"ताईंना सरप्राइज," ते म्हणाले. "आम्ही तिघांनी मिळून. डीलरने जबरदस्तीने पुसायला लावला होता, आम्ही परत आणला. उद्या येतायत त्या."

मी विचारलं, "त्यांना कोणी विचारलं का?"

"अगं, सरप्राइज विचारून देतात का?"

मी सांगून बघितलं. निदान अर्ध्यावर थांबा म्हटलं. अण्णा म्हणाले, की अर्ध्यावर थांबलं तर ते अधिक वाईट दिसेल, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. सगळी गल्ली बाहेर होती. ग्रोव्हर वहिनींच्या हातात पेढ्यांचा डबा. रिक्षा थांबली. ताई उतरल्या, पर्स उघडून भाडं दिलं, वळल्या. त्यांनी घर बघितलं. मग माणसं बघितली, एकेक करून, सगळी. तो सगळा आनंद बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बोला ताई, आत्ता बोला.

त्या म्हणाल्या, "किती त्रास घेतलात तुम्ही सगळ्यांनी." आणि पेढा घेतला.

डॉक्टर आले ते दोन दिवसांनी, वकिलाला घेऊन. गल्लीच्या तोंडाशीच थांबले. ताई बाहेर आल्या आणि त्यांना समजावू लागल्या, की हे शेजाऱ्यांनी प्रेमाने केलं आहे, रंगाचं काय, पुन्हा क्रीम करता येईल. डॉक्टर माणूस सभ्य होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकवार वर घराकडे आणि एकवार दारादारांत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"मैडम, जिस मकान को पड़ोसी आकर पेंट कर जाएँ," ते म्हणाले, "उसका मालिक कौन है, मैं कैसे समझूँ?"

वकिलाने मान डोलावली. दोघे निघून गेले. नंतर डीलरनेही निरोप पाठवला, की या मकानात लफडं आहे असं बाजारात पसरलंय, आता वर्षभर तरी नाव काढू नका.

गल्लीत मात्र आनंद झाला. घर वाचलं. अण्णांनी पुढाकार घेऊन पुन्हा सगळ्यांचा चहा ठरवला, अर्थात ताईंच्याच घरी. ताईंनी कांद्याची भजी केली. सगळे खात होते, हसत होते, डॉक्टर कसा पळाला त्याच्या नकला करत होते. ताई किटली घेऊन आल्या, ती टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच म्हणाल्या,

"माझ्या बाबांना रंग दिसत नव्हते."

सगळे थांबले. ताईंनी सांगितलं. त्यांचे वडील सरकारी कचेरीत नकाशे रंगवायच्या कामावर होते. नद्या, जंगलं, सरहद्दी. त्यांना निळा आणि जांभळा सारखाच दिसे, तांबडा-हिरवाही चटकन ओळखता येत नसे. हे बाहेर कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून त्यांची आई शाईच्या प्रत्येक बाटलीला चिठ्ठी चिकटवून देई, आणि ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही हे मुलांना पक्कं शिकवलेलं होतं. घर बांधून झालं तेव्हा पुताईवाल्याने भिंतीवर नमुन्याचे पट्टे ओढून दाखवले. वडिलांनी जांभळ्यावर काठी ठेवली आणि म्हणाले, हा निळा. आईने ताईंकडे बघितलं. ताई तेव्हा परकरात होत्या. त्या खाली बघू लागल्या. पुताईवाल्यासमोर बोलायचं कसं? आणि पुताईवाला गेल्यावर तरी काय बोलणार? वडील मरेपर्यंत आपण निळ्या घरात राहतो असंच समजत होते. गावी पत्र लिहीत, आमचं घर आकाशासारखं आहे.

"मला हा रंग कधीच आवडला नाही," ताई म्हणाल्या. "आईलाही नाही. ती चूक होती. आम्ही फक्त गप्प बसलो."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या घरातली गोष्ट परक्यांना सांगितली होती.  मला वाटलं, आता तरी.

ग्रोव्हर साहेबांनी डोळे पुसले. म्हणाले, "क्या बात है, बहनजी. दिखता नहीं था, फिर भी ऐसा रंग चुना।" वहिनी म्हणाल्या, देवच हात धरून करवून घेतो.  ही कथा पुढच्या गणपतीत सर्वांसमोर यायलाच हवी, असं अण्णांनी सुचवलं, आणि ते तिथल्या तिथे सर्वानुमते संमत झालं.

 ताईंनी किटली उचलली आणि सगळ्यांना चहा दिला. अण्णांना बिनसाखरेचा, ग्रोव्हर साहेबांना आलं जास्त घातलेला. कोणाला कसा लागतो ते त्यांना पाठ होतं.

दिवाळी झाली आणि मेरीसमोरचा तो फ्लॅट पुण्याहून आलेल्या एका जोडप्याने घेतला. दोघं कॉम्प्युटरमधली, गोड मुलं. ताई त्यांच्या वास्तुशांतीला जाऊन आल्या आणि बाल्कनीत त्यांनी मोगरा लावलाय म्हणून मला सांगितलं.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगते, कारण ते घडलंही फार झटपट. पहिल्यांदा अण्णा गल्ली सोडून गेले. मुलाने गुडगावला घर घेतलं, लिफ्टचं, आणि अण्णांच्या छातीला जिना मानवत नव्हता. गणपती मंडळाच्या हॉलमध्ये गेला. तिथे गाड्या लावायला जागा होती. मग ग्रोव्हर साहेबांच्या जागेला बुटांच्या एका कंपनीकडून अशी काही मागणी आली, की त्यांनी पितमपुऱ्यात दोन मजले घेतले आणि एका रविवारी सामान हलवलं. त्यांच्या जागी काचेची शोरूम झाली. आणि दोन वर्षांनी आम्हीही गेलो. खालच्या जनरेटरांचा धूर आजोबांना सोसेना, तुमची आई हट्टाला पेटली होती, आणि मयूर विहारचं ते माळरान आता चांगलंच झाडांनी भरलं होतं. आपल्या घरात साड्यांचं दुकान आलं.

यातल्या कोणी ताईंना विचारलं नाही. ताईंनीही कोणाची सभा बोलावली नाही. आम्ही निघालो त्या दिवशी त्यांनी प्रवासाला निघाल्यासारखी दशम्यांची शिदोरी बांधून दिली आणि आजोबांना म्हणाल्या, "बरं केलंत, भाऊ. इथे फार धूर झालाय." आजोबा ट्रकमध्ये पुढे बसले. नदी ओलांडेपर्यंत ते बाजूच्या आरशात मागचा रस्ता बघत होते.

दोन्ही बाजूंना काच आणि मधे ते जांभळं घर, असं ते पुढे बरीच वर्षं उभं होतं. गिऱ्हाईक मिळालं असतं; आता तर डीलर रोज दारात उभे राहत. पण ताईंनी कोणाला आत घेतलं नाही. रविवारी त्या बसने मयूर विहारला येत. आधी मेरीकडे, मग आमच्याकडे. आमच्या बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसत. खाली मुलं क्रिकेट खेळत, त्यांच्याकडे बघत. हळूहळू त्यांची कलती मान आणखी कलती होई आणि त्या तिथेच झोपून जात. त्या इतक्या शांत झोपलेल्या असत, की आजोबा रेडिओचा आवाज बारीक करत.

अशाच एका रविवारी मी ठरवलं, की आज यांना जाऊ द्यायचं नाही. थंडीचे दिवस होते, लवकर काळोख पडत होता. मी त्यांच्यासाठी गादी घातली होती. त्यांना जाग आली तशी मी म्हटलं, ताई, आज राहा. उद्या जा, नाहीतर परवा जा. आणि खरं सांगायचं तर आता तिथे आहे काय? अण्णा नाहीत, ग्रोव्हर नाहीत, आम्ही नाही. विकून टाका. कोणी अडवणार नाही तुम्हाला.

त्यांनी बाहेर बघितलं आणि त्या एकदम गडबडून उठल्या. चपला शोधू लागल्या.

"अगं, केवढा उशीर झाला," त्या म्हणाल्या. "मी अजून वरच्या खिडकीत दिवा लावला नाहीये. दिवा दिसला नाही तर गल्लीतले सगळे काळजी करतील."

मी आजोबांकडे बघितलं. आजोबा उठले, त्यांनी ताईंची शाल त्यांच्या खांद्यावर नीट घातली, आणि रिक्षा आणायला खाली गेले.